काटेमास्तर दुसऱ्या स्वारीत मैदान सोडून न गेल्याची हकीकत

ज्याने सहा दिवसांत सृष्टी निर्मिली आणि सातवे दिवशी स्वस्थ बसला, त्या प्रभूस आदौ नमन करोन, आणि ज्यांस सातवे दिवशीही स्वस्थ बसवत नाही त्या समस्त गायनवर्गास मुजरा करोन ही हकीकत लिहिण्यास घेतली आहे. थोरांच्या स्वाऱ्या थोरांनी लिहिल्या. परंतु वयाच्या अडुसष्टावे वर्षी, गुडघे कुरकुरत असता, खिशात कापूस आणि पोटात धास्ती घेऊन येशूच्या नावाने होणाऱ्या रॉक कॉन्सर्टास जो पुरुष गेला, आणि गेला तो शेवटपर्यंत राहिला, त्याचे लिहिणारा कोणी निघेना, म्हणोन हे काम आम्हांकडे आले. यात पदरचे काही घातले नाही. जेथे घातले तेथे शोभेल इतकेच घातले.

राजश्री काटेमास्तर हे चर्चच्या गायनवर्गाचे सरदार. पूर्वी वजनमापे खात्यात निरीक्षक होते, आणि तीस वर्षे दुकानोदुकानी फिरोन तराजूचे काटे तपासले, आणि ज्याचा काटा केसभर हलला त्याची गय केली नाही, म्हणोन लोकांनी त्यांस काटेमास्तर हा किताब दिला. मग तोच न्याय त्यांनी सुरास लाविला. रविवारच्या उपासनेत, एकच गीत उंच-खालच्या चार स्वरांत एकदम गाणारी, चार आवाजांची फौज त्यांच्या हुकुमात चाले, आणि कोणी पाव सूर घसरला की मास्तरांची भिवई चढे, आणि भिवई चढली की त्या इसमास दुपारचे जेवण गोड लागत नसे. आणखी त्यांचे एक ब्रीद होते. बाहेर कोठे बेसूर कानी पडला तर उठावे आणि चालते व्हावे. यात आपपरभाव नव्हता. सख्ख्या पुतण्याच्या लग्नातून ते उठले, तेव्हा नवरी अद्याप अर्ध्या वाटेत होती. मेहुण्याच्या अंत्यविधीतूनही उठले. ऑर्गन इतका वाईट वाजत होता की मेहुण्यास शक्य असते तर तोही उठून आला असता, असे त्यांचे म्हणणे पडले.

मास्तरांस एक कन्या. चष्म्यांच्या दुकानी नोकरीस, वय सव्वीस, मिजास बापाची. ती बापाच्या गायनवर्गातच वाढली, आणि इतर मुले पाढे म्हणत त्या वयात ही आमेनचे चारही आवाज एकटी म्हणोन दाखवी. दोन वर्षांमागे एका रविवारी, गीताच्या शेवटल्या कडव्यात, तिने पुस्तकात नसलेला एक सूर घातला. सूर गोड होता, असे ऐकणारे आजही सांगतात. परंतु मास्तरांनी भर उपासनेत गीतपुस्तक खाडकन मिटले, आणि पुस्तक मिटताच ऑर्गन थांबला, आणि तीनशे माणूस तोंड उघडे तसेच राहिले, आणि मास्तरांनी फर्माविले की पुस्तकात आहे तेवढेच गावे. कन्येने पर्स उचलली आणि मधल्या वाटेने टाचा वाजवीत बाहेर गेली. उठून जाण्याची विद्या बापाचीच, ती बापावर चालविली.

त्या दिवसापासोन एका छताखाली दोन दरबार भरू लागले. कन्येने जाड तारांची बेस गिटार विकत आणिली आणि प्रभूची स्तुती ड्रम आणि विजेच्या गिटारींवर करणाऱ्या एका बँडात सामील जाहली, आणि बापलेकीचा जाबसाल बंद पडला. वकिली बाईसाहेबांकडे आली. बाईसाहेब म्हणजे मास्तरांच्या पत्नी, इस्पितळातील निवृत्त मेट्रन, गायनवर्गातील दुसऱ्या आवाजाच्या मानकरी. बाबांना सांग गीझर चालू आहे, असा खलिता इकडून निघावा, आणि तिला सांग मला दिसतंय, असा जबाब तिकडून यावा, आणि तिघेही एकाच टेबलाशी बसलेले असावे, ऐसा कारभार.

मग मागील साली एका शाळेच्या सभागृहात कन्येच्या बँडाचा पहिला कार्यक्रम जाहला आणि बाईसाहेबांच्या मिनतवारीने मास्तर त्यास गेले. ती पहिली स्वारी. तीत शिकस्त खाल्ली. तिसऱ्या मिनिटास ड्रमवाल्याने लय चढविली, आणि मास्तर ब्रीदाप्रमाणे उठले आणि मागचे दार उघडोन बाहेर पडले. बाहेर लख्ख ऊन होते. दार उघडताच उजेडाचा पट्टा थेट मंचावर गेला आणि कन्येने मान वर केली, आणि त्या उजेडात कोणाची पाठ आहे हे तिने ओळखिले. घरी येऊन तिने, बाप समोर येऊ नये म्हणोन, न्हाणीघरात जाण्याची आपली वेळ बदलली.

यावर वर्ष लोटले, आणि एके सायंकाळी बाईसाहेबांनी मास्तरांच्या पुढ्यात तिकीट ठेविले. शनिवारी दुपारी चार वाजता, क्रीडासंकुलाच्या बंदिस्त मैदानात, दोन हजार माणसांपुढे कन्येचा बँड वाजविणार होता. मास्तरांनी विचारिले की हे तिने पाठविले काय. बाईसाहेबांनी हातातील काम खाली ठेवले, आणि वकिलीची भाषा सोडोन सरळ बोलल्या.

“तिने खोली बघून ठेवली आहे. दुकानाजवळ. या वेळी तुम्ही मध्येच उठलात, तर ती जाईल, आणि मी तिला थांब म्हणणार नाही.”

मास्तरांनी तिकीट उचलोन दोहो बाजूंनी पाहिले, जैसे पूर्वी दुकानदाराचे वजन पाहात. मग ते चष्म्याच्या घरात घालोन ठेविले आणि त्या रात्री ते दोनदा उठोन पाणी प्याले.

आता मोहिमेची तयारी. बाईसाहेबांनी गायनवर्गातील दहा असामी सोबत घेतल्या. मास्तरांस वाटले, ही आपली फौज. वस्तुतः तो पहारा होता. तिकिटे ऐशी घेतली की मास्तरांची खुर्ची रांगेच्या ऐन मध्यभागी यावी, डाव्या अंगास बाईसाहेब आणि त्यांच्यापलीकडे पाच असामी, उजव्या अंगास आणखी पाच, म्हणजे पळावयाचे तर पाचसहा जणांच्या गुडघ्यांवरून जावे लागेल. उजव्या अंगास पहिला मोर्चा केशकर्तनकाराकडे दिला. हा तिसऱ्या आवाजाचा हुकमी गायक, आणि दिवसभर उभे राहण्याचा धंदा असल्याने पायांचा पक्का. डाव्या टोकास मोठ्या मावशी. या पहिल्या आवाजाच्या, एका कानाने बहिऱ्या, म्हणोन त्यांनी बहिरा कान मंचाकडे करोन बसावे ऐसे ठरले. कापसाचे बोळे बाईसाहेबांनी इस्पितळातील हिशेबाने जोडीजोडीने बांधोन दिले.

शनिवारी तीन वाजता स्वारी निघाली. संकुलाच्या दरवाजाशी पहारेकऱ्यांनी झडती घेतली, तेव्हा मास्तरांच्या आतल्या खिशात सूर लावण्याचा दोन दातांचा लोखंडी काटा सापडला. पहारेकऱ्याने तो उजेडाकडे धरिला आणि हे कशासाठी म्हणोन पुसले. मास्तरांनी तो तळहातावर ठोकोन कानाशी नेला आणि सूर देऊन दाखविला, तो पहारेकरी अधिकच बिचकला, आणि काटा टोपलीत जमा जाहला, आणि मास्तर निःशस्त्र आत गेले.

आतील देखावा काय वर्णावा. जेथे एरवी पोरे चेंडू टोपलीत टाकितात तेथे काळा मंच उभा केला होता, आणि त्याच्या दोहो बाजूंस कपाटाएवढे कर्णे एकावर एक रचिले होते, आणि वर दिव्यांच्या माळा फिरत होत्या. मग धूर सुटला. मोठ्या मावशी आग आग म्हणत उठल्या, त्यांस खाली बसविता बसविता पहिला ठोका पडला, तो असा की मास्तरांच्या बरगडीत जाऊन बसला. आणि सारे दोन हजार माणूस एकदम उभे राहिले आणि हात वर केले, जणू शरण आले. मास्तर समजले की गीतास सुरुवात जाहली. तेव्हा तेही उभे राहिले आणि त्यांस पाहोन गायनवर्ग उभा राहिला.

येथे एक कायदा सांगणे जरूर आहे, कारण पुढील सारा अनर्थ त्यातून निघाला. चर्चात गीत सुरू जाहले म्हणजे उभे राहावे, आणि गीत संपले म्हणजे चार आवाजांत आमेन म्हणावे, आणि आमेन जाहले म्हणजे बसावे. आमेनाआधी बसणे म्हणजे अर्धीच बटणे लावोन बाहेर पडणे. परंतु या बँडाच्या गीतास आमेन नव्हते. पहिले गीत संपते न संपते तोच गिटारवाल्याने तारा झणझणीत ठेविल्या, आणि त्यातूनच दुसरे गीत निघाले, आणि दुसऱ्यातून तिसरे, आणि पडद्यावर शब्द उमटत, त्यांस ना कडव्याचा आकडा ना शेवट. एकच ओळ एकोणीस वेळा आली. मास्तरांनी मोजिली. अर्धा तास लोटला, तेव्हा गायनवर्ग कासावीस होऊन मास्तरांकडे पाहू लागला, आणि डाव्या अंगाकडून बसण्याविषयी अर्ज कानोकान आला, आणि मास्तरांनी हुकूम फिरविला की आमेन होईतोवर कोणी बसू नये. केशकर्तनकार तेवढा खुशाल होता. त्यास गिऱ्हाईक नसलेले उभे राहणे म्हणजे सुट्टीच वाटली.

आता कन्येचे वर्तमान. ती मंचाच्या डाव्या कोपऱ्यात काळ्या सदऱ्यात उभी होती, केस कानामागे सारलेले, लहानपणी कठीण गीत असता सारी तैसे. मास्तरांनी प्रथम कानात कापूस घातला होता. परंतु कापसातून ड्रम येई आणि तिचे वाजविणे येईना, कारण जाड तारांचा आवाज त्या गदारोळात सापडावयास शोधावा लागतो. तेव्हा कोणाचे लक्ष नाही ऐसे पाहोन त्यांनी दोन्ही बोळे काढोन खिशात टाकिले. बाकीच्या आवाजाने डोके भणाणले, तरी त्यांनी हळूहळू एक एक वाद्य बाजूस सारिले, आणि तळाशी लेक सापडली. ती चांगली वाजवीत होती. लय धरोन, दिखावा न करिता, बाकीच्यांस पाठीवर घेऊन चालली होती. हे ऐकोन मास्तरांस आनंद जाहला, आणि आनंद जाहला याचा रागही आला.

मग चौथे गीत आले आणि त्यात बाका प्रसंग गुदरला. कन्या एक ठोका आधी पुढल्या सुरावर गेली आणि चटकन मागे आली. दोन हजारांत कोणास कळले नाही. मास्तरांस कळले. आणि कळताच, चाळीस वर्षांची सवय, त्यांची टाच आपोआप फिरली. आणि घात असा की केशकर्तनकारानेही ऐकिले होते. जन्मभर मास्तरांच्या भिवईखाली उभा राहिलेला तो इमानी माणूस, त्याने मास्तरांची टाच पाहिली आणि पहारा विसरोन खुर्चीस पाठ लाविली आणि वाट दिली, आणि त्यास पाहोन पलीकडल्यानेही दिली, आणि एकामागोन एक पाचही माणसे मागे सरली. रांगेच्या टोकास तांबडा दिवा आणि त्याखाली दार. रस्ता साफ. बाईसाहेबांनी हे पाहिले आणि डोळे मिटोन घेतले.

मास्तरांनी मंचाकडे एकवार पाहिले. चुकल्यावर वाजविणारा ड्रमवाल्याकडे पाहतो, हा रिवाज. कन्या ड्रमवाल्याकडे पाहात नव्हती. बोटे तारांवर चालली होती आणि डोळे मागल्या दारांवर लागले होते, एका दारावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. ती उजेडाच्या पट्ट्याची वाट पाहात होती. वर्षभर ही पोर हरएक ठिकाणी ऐशीच वाजवीत आली असेल, एक डोळा तारांवर आणि एक डोळा दारावर, हे मास्तरांच्या ध्यानी आले. कोठल्याही तराजूचे इतके नुकसान कोणी केले नसेल, तेवढे आपण केले, ऐसे त्यांस स्वच्छ कळले. त्यांनी टाच जागी आणिली. आणि केशकर्तनकारास खुणेने सांगितले की पुढे सरक, मोर्चा सोडू नको. दारे मिटलेलीच राहिली, आणि काही वेळाने कन्येची मान खाली तारांवर गेली आणि पुन्हा वर आली नाही.

एथेच हकीकत संपती तर बरे होते. परंतु शेवटल्या गीतात, जेव्हा गायनवर्गास उभे राहोन सव्वा तास लोटला होता, आणि गीत चढत चढत आढ्यास टेकले होते, तेव्हा बँडाने एकाएकी सारे बंद केले. दिवे गेले. ड्रम गेला. एका तारेचाही आवाज राहिला नाही. हा त्यांचा डाव होता. दोन श्वास शांत राहावे, आणि मग कन्येने एकटीने जाड तारेवर सुरुवात करावी आणि तिच्यामागोन सर्वांनी तुटोन पडावे. हे मास्तरांस कोठून ठाऊक. त्यांच्या लेखी गीत संपले होते, आणि गीत संपले म्हणजे चाळीस वर्षे ज्याचा पहिला सूर त्यांचा, त्या आमेनाची वेळ आली होती. त्यांनी छाती भरोन घेतली आणि त्या काळ्या शांततेत आमेन लाविले.

“आ” म्हणताच, फौज ती फौज, गायनवर्गाने आपापले आवाज धरिले, मोठ्या मावशींनी वरचा, बाईसाहेबांनी दुसरा, केशकर्तनकाराने तिसरा, चौथा मास्तरांचा होताच, आणि चार आवाजांचे आमेन, एकही काटा न हलता, त्या अवाढव्य मैदानात भरोन राहिले. आणि मग सर्व अकरा असामी, कायद्याप्रमाणे, एकदम खाली बसल्या. अकरा खुर्च्या करकरल्या.

मंचावर एक दिवा लागला, कन्येवर. तिने सुरुवात करावयाची होती. ती करीना. लहानपणापासोन अंगात भिनलेले, आमेन जाहल्यावर कोणी वाजवीत नाही. गायकाने तिच्याकडे पाहिले, ड्रमवाल्याने पाहिले, दोन हजार माणसांनी पाहिले, आणि बोटे तारेवर ठेवोन ती तैशीच उभी. मास्तर अद्याप उभेच होते. आपण काय केले हे त्यांस तेव्हा उमगले. दोन वर्षांमागे तीनशे माणसांपुढे, आज दोन हजारांपुढे, पुन्हा आपणच तिचे गाणे मध्ये थांबविले. बसावे तर ती एकटी पडते, जावे तर बोलणेच नको. तेव्हा त्यांस जे एकच काम येत होते ते त्यांनी केले. उजवा हात छातीशी उचलला, तिची नजर मिळेतोवर धरोन ठेविला, मोठा श्वास घेतला, तो तिला दिसेल ऐसा घेतला, आणि हात खाली आणोन तिला सुरुवात दिली.

आणि कन्येने सूर उचलिला. बरोबर ठोक्यावर उचलिला. तिच्यामागोन ड्रम आणि गिटारी आणि दिवे आणि धूर ऐसे कोसळले की लोक समजले, हा सर्व आधीच ठरविलेला बेत होता, आणि त्यांनी छप्पर उडेल ऐसा गजर केला. मोठ्या मावशी बहिऱ्या कानानेही दचकल्या.

कार्यक्रम आटोपल्यावर बँडाचा गायक शोधीत आला आणि ते आमेन पुढल्या सर्व कार्यक्रमांत मिळेल काय म्हणोन विचारू लागला. मास्तरांनी त्यास सांगितले की आधी तुमच्या ड्रमवाल्याची लय जाग्यावर आणा, मग बोलू. येथवर मास्तर मास्तरच होते. मग ते मागल्या दाराशी गेले, जेथे सामान गाडीत चढत होते. बाहेर अद्याप ऊन होते. कन्या वायरी गुंडाळीत होती. बाईसाहेब वकिलीच्या तयारीने दोघांच्या मधोमध उभ्या राहिल्या, आणि मग, काय वाटले कोण जाणे, दोन पावले बाजूस जाहल्या.

“चौथ्या गाण्यात मी घसरले,” कन्या वायरीकडे पाहत म्हणाली.

“ऐकलं.”

“दार उघडेल, असं वाटलं.”

“तू दाराकडे बघत होतीस. तेही बघितलं.” मास्तरांचा आवाज, जो मैदान भरीत असे, तो तिच्यापर्यंत जेमतेम पोचला. “त्या रविवारचा तुझा सूर चांगला होता. मला तेव्हाच कळलं होतं.”

कन्येचे हात थांबले. तिने वर पाहिले तेव्हा डोळे भरले होते, परंतु बोलली ती बापाचीच लेक.

“दोन वर्षं लागली सांगायला?”

“हो,” मास्तर म्हणाले.

त्यावर तिने नाक ओढले, वायर खांद्यावर टाकिली आणि जमिनीवरील अवजड कर्ण्याकडे बोट करोन फर्माविले की तिकडून धरा, आणि गुडघ्यावर भार घेऊ नका. मास्तरांनी तिकडून धरिला. गुडघ्यावर भार आला. तरी सोडिला नाही.

सबब दप्तरी नोंद करण्यात येते ती ऐशी: अमुक शनिवारी राजश्री काटेमास्तरांनी बेसूर कानी पडला असता, वाट मोकळी असता, मैदान सोडिले नाही. आपल्या बाजूस बावीस गुडघे जायबंदी, मास्तरांचा डावा कान मंगळवारपर्यंत शिट्टी वाजवीत होता, आणि लोखंडी काटा पहाऱ्याच्या टोपलीतच राहिला तो राहिलाच. ही फत्ते. आणि त्याच सायंकाळी जेवतेसमयी कन्येने, त्या खोलीला नाही म्हणून कळवलं, हे वर्तमान आईच्या मुखे न पाठविता थेट बापास सांगितले. ही त्याहून मोठी फत्ते म्हणोन लिहिली जावी. मास्तर यावर फक्त बरं म्हणाले, आणि भाजीचे भांडे, मध्ये कोणासही न घालता, थेट तिच्याकडे सरकविले.